उशिरा आलेले हेपॅरिन

मी कलाशाखेचा विद्यार्थी, तरी हा विषय मला सोडवत नाही. करोनात रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा होऊन फुप्फुसांत रक्त गोठते. मग गुठळ्या रोखणारे हेपॅरिन भरपूर द्यावे, हे ओघानेच आले. (नाव ग्रीक ‘यकृता’वरून, औषध मात्र आज डुकराच्या आतड्यातून काढतात!) परंतु २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांत निराळेच दिसले. मध्यम आजाऱ्यांना पूर्ण मात्रेचा लाभ झाला. सुमारे ११०० अत्यवस्थ रुग्णांना नाही. त्यांच्यात पूर्ण मात्रेवरचे ६२.७ टक्के वाचले, नेहमीच्या प्रतिबंधक मात्रेवरचे ६४.५. मोठा रक्तस्राव मात्र २.३ऐवजी ३.८ टक्क्यांना झाला. हेपॅरिन नवी गुठळी अडवते, जुनी विरघळवीत नाही. अत्यवस्थांच्या बाबतीत वेळ टळून गेली असावी, असा माझा तर्क.