दूरच्या गांवाचें विमान

एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसाला एक हिशेब कोणी शिकवावा लागत नाहीं. घरांत चारजण मिळवते असतात आणि दहाजण खाणारे. तरी कोणाच्या पानांत किती वाढावें हें ज्याच्या त्याच्या मिळकतीवरून ठरवीत नाहींत. हाच हिशेब एखाद्या देशाच्या विमानकंपन्यांस लावतां येईल काय, असा प्रश्न कोणीं विचारला तर तो वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु ऑस्ट्रेलियांत गेलीं शंभर वर्षें हाच प्रश्न निरनिराळ्या रूपांनीं पुढें येत आहे, आणि त्यावर तेथें जे उपाय झाले ते आपणही पाहून ठेवण्यासारखे आहेत.

ऑस्ट्रेलियाचें क्षेत्रफळ सुमारें ७७ लक्ष चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या दुपटीहून अधिक. लोकसंख्या मात्र पावणेतीन कोटींच्या आसपास, आणि तीही बहुतेक समुद्रकांठच्या मोठ्या शहरांतून एकवटलेली. आंतील प्रदेश कोरडा व ओसाड. तेथें गुरें-मेंढ्या पाळणारांचीं कुरणें आपल्याकडील तालुक्याएवढालीं, खाणींभोंवतीं वसलेलीं लहान गांवें, आणि मूळ रहिवाशांच्या विखुरलेल्या वस्त्या. पाऊस क्वचितच पडतो. पण पडला कीं कच्चे रस्ते चिखलांत बुडून दिवसच्या दिवस बंद होतात.

अशा प्रदेशांत राहण्याचा अर्थ काय, हें १९१७ सालच्या एका प्रसंगावरून कळेल. वायव्येकडील हॉल्स क्रीक या गांवीं जिमी डार्सी नांवाचा एक तरुण गुराखी घोड्यावरून पडून जबर जखमी झाला. गांवांत डॉक्टर नव्हता. टकेट नांवाच्या पोस्टमास्तरांना प्रथमोपचारांची थोडी माहिती होती. त्यांनीं दूर दक्षिणेस पर्थ शहरीं असलेल्या डॉक्टर हॉलंड यांच्याशीं तारयंत्रानें बोलणें सुरू केलें, आणि तारेवरून येणाऱ्या एकेका सूचनेप्रमाणें साध्या चाकूनें त्या तरुणावर शस्त्रक्रिया केली! ती निभावलीही. डॉक्टर स्वतः बोटीनें व पुढें मोटारीनें निघाले. पण त्यांस पोंचावयास दहा दिवसांहून अधिक लागले, आणि ते येण्यापूर्वींच डार्सी मरण पावला होता. ही हकीकत वर्तमानपत्रांतून देशभर वाचली गेली. दूर राहणाऱ्या माणसाच्या जिवाचें मोल काय, हा प्रश्न तिनें शहरांतील लोकांच्या दाराशीं आणून ठेवला.

त्या देशांतील नियमित हवाई वाहतूक शहरांपासून सुरू झाली नाहीं, तर अशाच आडरानांतून सुरू झाली, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. १९१९ सालीं हडसन फिश व पॉल मॅकगिनिस हे दोघे माजी सैनिक इंग्लंडहून येणाऱ्या विमानांसाठीं उतरण्याच्या जागा पाहण्यास मोटारीनें क्वीन्सलंडच्या अंतर्भागांतून डार्विनपर्यंत गेले. वाटेंत पूल नाहींत, रस्ते नाहींत. नदीच्या वाळूंत गाडी रुतावी हें रोजचेंच. येथें चाकांपेक्षां पंखच बरे, अशी त्यांची खात्री पटली. फर्गस मॅकमास्टर या पशुपालकाच्या साहाय्यानें १६ नोव्हेंबर १९२० रोजीं त्यांनीं जी कंपनी नोंदविली तीच आज जगप्रसिद्ध असलेली क्वांटास होय. २ नोव्हेंबर १९२२ रोजीं शार्लव्हिल ते क्लॉनकरी अशी तिची नियमित सेवा चालू झाली. तिचे पहिले उतारू अलेक्झांडर केनेडी हे ८४ वर्षांचे गृहस्थ होते. तरुणपणीं याच मुलखांत ते बैलगाड्या हांकीत महिनेच्या महिने प्रवास करून आले होते. आतां कांहीं तासांतच उतरले.

तत्पूर्वीं ५ डिसेंबर १९२१ रोजीं पश्चिम किनाऱ्यावर जेराल्डटन ते डर्बी ही सेवा निघाली होती. तिच्या पहिल्याच दिवशीं एक विमान कोसळून वैमानिक व यंत्रज्ञ दोघेही मृत्युमुखीं पडले. उतरण्याच्या जागा नीट केल्यावांचून पुढें जाणार नाहीं, असा हट्ट मालक नॉर्मन ब्रेअर्ली यांनीं धरला आणि तो सरकारनें मानला. या दोन्ही सेवा केवळ तिकिटांच्या पैशावर चालल्या नसत्या. टपाल वाहण्याबद्दल सरकार जें द्रव्य देई, त्यावर त्या तरल्या.

याच विमानांतून पुढें डॉक्टरही उडूं लागले. जॉन फ्लिन या धर्मोपदेशकानें अनेक वर्षें खटपट करून १९२८ सालीं हवाई वैद्यकीय सेवा सुरू केली. तिचें पहिलें उड्डाण १७ मे रोजीं क्लॉनकरीहून जुलिया क्रीक येथें झालें. विमान क्वांटासकडूनच भाड्यानें घेतलेलें होतें. पुढच्याच वर्षीं अल्फ्रेड ट्रेगर यांनीं पायांनीं फिरवावयाच्या वीजयंत्रावर चालणारा बिनतारी संच सिद्ध केला, आणि कुरणावरील गृहिणीला घरांतून डॉक्टरांस हांक मारतां येऊं लागली.

दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारनें एक निराळीच पद्धति अंगीकारली. १९५२ च्या कायद्यानें देशांतील मुख्य मार्ग दोनच कंपन्यांकडे राहिले: एक सरकारी, दुसरी खाजगी. दोघींचीं विमानें एकाच जातीचीं, सुटण्याच्या वेळा जवळजवळ त्याच, भाडेंही तेंच. स्पर्धा अशी उरलीच नाहीं आणि प्रवास महाग राहिला. मात्र मोठ्या शहरांमधील नफ्यांतून कमी उतारूंच्या मार्गांची तूट कांहीं अंशीं भरून निघे. १९९० च्या अखेरीस हें बंधन उठलें. शहरांतील उतारूंचा फायदा झाला, भाडीं उतरलीं. परंतु स्पर्धेंत उतरलेली कंपनी तुटीचा मार्ग फार दिवस पोसूं शकत नाहीं. सप्टेंबर २००१ मध्यें अॅन्सेट ही १९३६ पासूनची कंपनी कोसळली, तेव्हां तिच्या आधारानें जगणाऱ्या लहान गांवांच्या सेवाही धोक्यांत आल्या. त्यांतील दोन उपकंपन्या एकत्र होऊन २००२ सालीं रेक्स ही कंपनी निघाली.

लहान गांवाचा मार्ग महाग कां पडतो, हें समजण्यास अर्थशास्त्र नको. रेक्सच्या साब विमानांत आसनें सुमारें ३४. पण दोन वैमानिक त्यालाही लागतात आणि १८० आसनांच्या विमानालाही. त्या जातीचीं विमानें १९९९ सालीं तयार होणें थांबलें, त्यामुळें दुरुस्तीचा खर्च वर्षागणिक वाढतो. धांवपट्टी राखण्याचा भार बहुधा मोजक्या घरांच्या स्थानिक परिषदेवर. विमान उतरण्यापूर्वीं पट्टीवरून कांगारू हांकून लावणारा माणूसही ठेवावा लागतो.

२०२१ सालीं या कंपनीनें मोठीं जेट विमानें घेऊन सिडनी-मेलबर्नच्या गजबजलेल्या मार्गावर उडी घेतली. जुलै २०२४ मध्यें तिचा कारभार प्रशासकांच्या हातीं गेला. मोठ्या शहरांमधलीं तिचीं जेट विमानें थांबलीं. लहान गांवांचीं साब विमानें मात्र सरकारी कर्जाच्या आधारानें उडत राहिलीं. ज्या मार्गांना व्यापाराच्या दृष्टीनें दुय्यम समजावें, त्यांनाच थांबूं देणें सरकारला परवडण्यासारखें नव्हतें.

कां, तें त्या गांवांतील बायकांना विचारावें. अनेक दुर्गम वस्त्यांत बाळंतपणाची सोय नसते. गर्भवतीला दिवस भरण्याच्या कित्येक आठवडे आधीं मोठ्या गांवीं जाऊन राहावें लागतें. कर्करोगाचा उपचार, दांतांचा वैद्य, मुलांचें पुढील शिक्षण या साऱ्यांची वाट विमानतळावरूनच जाते. म्हणून मध्यवर्ती सरकार अतिदुर्गम वस्त्यांसाठीं साधारण आठवड्यास एक फेरी अनुदान देऊन चालवितें. तींत उतारूंबरोबर टपाल, औषधें, ताजी भाजी आणि शाळेचें साहित्य जातें. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सरकारनें २०२२ च्या जुलैपासून दूरच्या रहिवाशांसाठीं एकेरी भाड्यास अंतराप्रमाणें १९९ व २९९ डॉलरांची मर्यादा घातली.

आपल्याकडे २०१६ सालीं आंखलेल्या उडान योजनेंतही हेंच तत्त्व आहे. मुख्य मार्गांवरील उड्डाणांवर आकार बसवून त्यांतून लहान गांवांच्या सेवेस कांहीं वर्षें आधार द्यावयाचा. एप्रिल २०१७ मध्यें या योजनेचीं पहिलीं विमानें निघालीं, त्यांत आपलें नांदेडही होतें. पुढें तेथील सेवा कधीं बंद पडली, कधीं पुन्हा सुरू झाली. आधाराची मुदत संपली कीं विमान उडत राहील काय, ही अडचण तेथल्यासारखीच येथेंही आहे.

अनुदानाविरुद्ध बोलणारांचें म्हणणें अगदींच पोकळ नाहीं. घरांतही न मिळवत्यानें खर्चाचा विचारच करूं नये असें नसतें. रिकामें विमान केवळ मानासाठीं उडवीत ठेवणें ही उधळपट्टीच होय. परंतु शहरांत जें मांस, लोंकर आणि खनिज पोंचतें, तें याच गांवांतून येतें, हें त्या हिशेबांत धरलें पाहिजे. ज्या दिवशीं डॉक्टर हॉलंड हॉल्स क्रीकला पोंचले, त्या दिवशीं तेथें त्यांना करण्यासारखें कांहीं उरलें नव्हतें. आज त्याच गांवीं धांवपट्टी आहे, आणि आजाऱ्याला तेथून कांहीं तासांत इस्पितळांत नेतां येतें. धांवपट्टीच्या जमाखर्चाच्या वहींत ही गोष्ट कोणत्या रकान्यांत लिहावी, तें वाचकांनींच ठरवावें.