खाडीचे आवाज ओळखा, खारबंधारा सांभाळा



कोकणात वाशिष्ठी, शास्त्री, अंबा यांसारख्या नद्या समुद्राला मिळतात तेथे खाड्या तयार झाल्या आहेत. या खाड्यांकाठच्या खारजमिनीत भात पिकते ते केवळ बंधाऱ्याच्या आधारावर. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यामुळे एकदा बांध फुटला तर हातचे पीक जाते व जमीनही काही हंगाम मागे पडते. बांध फुटण्यापूर्वी खाडी बहुधा सूचना देते. ती ऐकण्याची सवय ठेवावी.

भरतीची वेळ : खाडीचे पाणी दिवसातून दोनदा चढते व दोनदा उतरते. भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. उदा. चतुर्थीस सुमारे तीन वाजता. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, तर अष्टमीच्या सुमारास भांग असते. आषाढ-श्रावणातील उधाणाला वारा व नदीचा पूर यांची जोड मिळाल्यास धोका सर्वाधिक असतो.

चिखलाची चटचट : ओहोटीत उघड्या चिखलातून येणारा बारीक चटचट आवाज बिळांतील जिवांचा व बाहेर पडणाऱ्या हवेचा असतो. बंधाऱ्याबाहेर त्याची काळजी नको. मात्र खेकड्यांची बिळे बंधाऱ्यात दिसल्यास दुर्लक्ष करू नये.

पाण्याची झुळझुळ : भरती चढत असताना बंधाऱ्याच्या आतील पायथ्याने चालत जावे. कोठे झुळझुळ ऐकू आली तर खेकड्याच्या बिळातून पाणी आत येत आहे असे समजावे व तेथे खूण रोवावी. ओहोटी लागताच खाडीकडील तोंड खणून, चिकण माती थराथराने भरून, ती नीट चोपून घ्यावी. वरवर चिखल लिंपून भागत नाही.

उघाडीची खळखळ : भरतीच्या दाबाने उघाडीची झडप आपोआप मिटते. मिटलेल्या उघाडीजवळ आतील बाजूस शांतता असते. खळखळ ऐकू आल्यास झडपेत दगड किंवा ओंडका अडकला असावा. तो ओहोटीतच काढावा. भरतीत झडपेजवळ हात घालू नये.

लाटांचा मार : तिवर-कांदळाच्या पट्ट्यामागे लाटेचा आवाज मंद असतो, कारण तिचा जोर झाडीतच मोडतो. झाडी विरळ झाली की लाट थेट बांधावर आदळते. म्हणून कांदळवन तोडू नये. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये राज्यभर या तोडीस मनाई केली आहे.

खारे पाणी शिरलेच तर प्रथम खांड बुजवावे. नंतर पावसाचे गोडे पाणी शेतात साठवून ओहोटीच्या वेळी उघाडीतून सोडावे. असे अनेकदा केल्याने क्षार धुऊन जातात. पुढील लागवडीस पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ यांसारख्या क्षार सहन करणाऱ्या जाती निवडाव्यात.

उधाणाच्या रात्री बंधाऱ्यावर एकट्याने जाऊ नये. गावाने पाळी लावावी, सोबत विजेरी व काठी ठेवावी. वेळीच ऐकलेली झुळझुळ चार घमेली मातीत थांबते. पण तेच भगदाड झाल्यावर साऱ्या गावाचे श्रमही अपुरे पडतात.