लाल भिंतींचं हॉस्टेल

हॉरर सिनेमा म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? अंधार. करकरणारं दार आणि घरात दिवे असूनही एकही न लावणारी हिरॉईन! दारिओ आर्जेंतो या इटालियन दिग्दर्शकाचा ‘सस्पिरिया’ (१९७७) पाहिला, की हे समीकरण डोक्यातून जातं. इथे दिवे लागलेले असतात आणि भीती त्या उजेडातच असते. भिंती रक्तासारख्या लाल, चेहऱ्यावर मध्येच हिरवा प्रकाश, कॉरिडॉर गडद निळा. लपायला अंधारच नाही.

गोष्ट चार ओळींची आहे. सूझी नावाची अमेरिकन मुलगी बॅले शिकायला जर्मनीतल्या फ्रायबर्गला येते. रात्र, धो धो पाऊस. अकॅडमीच्या दारात पोहोचते, तर आतून एक मुलगी काहीतरी ओरडत पळत सुटते. सूझीला त्यातले जेमतेम दोन शब्द कळतात. त्या मुलीचा त्याच रात्री भयंकर खून होतो. आणि मग हळूहळू कळत जातं, की ही अकॅडमी चेटकिणींची आहे. आपल्याकडच्या हडळीसारख्या झाडावर बसणाऱ्या नाहीत हं या. या जिवंत आहेत, नीटनेटक्या कपड्यांतल्या आहेत आणि संस्था चालवतात.

इथेच ‘सस्पिरिया’ तुमच्या-माझ्या ओळखीचा होतो. तुमच्यापैकी जे घर सोडून हॉस्टेलवर राहतात, त्यांनी तर मधला अर्धा तास जरा लक्ष देऊन पाहावाच. सूझीला अकॅडमीत राहायचं नसतं. तिनं बाहेर गावात खोली घेतलेली असते. पण क्लासमध्ये तिला चक्कर येते आणि शुद्धीवर येते तेव्हा तिचं सामान अकॅडमीतल्या खोलीत पोहोचलेलं असतं! तिला न विचारता. डॉक्टर सांगतात, साधं जेवण घ्यायचं, सोबत रोज ग्लासभर रेड वाईन. ती प्यायली की सूझीचे डोळे मिटायला लागतात. कुणी तिच्यावर ओरडत नाही, बांधून ठेवत नाही. सगळे काळजीच घेतात. ‘तुला बरं नाहीये, तू आराम कर,’ या वाक्याची इतकी धास्ती दुसऱ्या कुठल्या सिनेमानं वाटायला लावली असेल, असं मला वाटत नाही.

तिच्या बाजूनं उभी राहते ती एकटी सारा, शेजारच्या खोलीतली मुलगी. शिक्षिका रोज रात्री घरी जातो असं सांगतात. सारा मात्र अंथरुणात पडून त्यांची पावलं मोजते, आणि ती पावलं बाहेरच्या दाराकडे जातच नाहीत, उलट इमारतीच्या आत जातात. दोन मुली, एक खोली, कुजबुजत मोजलेली पावलं. अख्ख्या सिनेमातला माझा सगळ्यात आवडता प्रसंग हाच. त्यात रक्ताचा थेंबही नाही.

आर्जेंतोला या भूमिकांसाठी मुळात खूप लहान वयाच्या मुली हव्या होत्या. इतक्या हिंसक सिनेमात ते शक्य नव्हतं, म्हणून मुली मोठ्या घेतल्या. पण दारांच्या मुठी त्यानं मुद्दाम उंचावर बसवल्या. सूझी दार उघडते तेव्हा तिचा हात कुठे जातो ते बघा. वीस वर्षांची मुलगी आपोआप शाळकरी पोर वाटायला लागते.

रंगांचं म्हणाल, तर डिस्नेची ‘स्नो व्हाइट’ समोर ठेवून ते ठरवले होते. कॅमेरामन लुचानो तोवोली यांनी रंगीत कापडांतून दिव्यांचा झोत सोडला आणि प्रिंट काढल्या त्या टेक्निकलरच्या जुन्या पद्धतीनं. यात एकेक रंग वेगळा करून फिल्मवर चढवला जातो. तेव्हा ही पद्धत बाद होत आली होती. आज आपण फोनवर फिल्टर लावतो, तो रंग वरून लावलेला कळतो. इथे तो भिंतीतून पाझरल्यासारखा दिसतो.

आणि म्युझिक! ‘गॉब्लिन’ या इटालियन बँडनं त्यातलं बरंचसं शूटिंगच्या आधीच तयार केलं होतं. सेटवर ते मोठ्यानं लावायचे, म्हणजे कलाकार आपोआप बिचकायचे. त्यात ग्रीक बुझुकी आहे आणि चक्क आपला तबलाही. पहिल्याच प्रसंगात सूझी एअरपोर्टवरून बाहेर पडतेय. काचेचं दार उघडलं की ती धून ऐकू येते, बंद झालं की गायब. चेटकिणी बाहेर पावसात तिची वाट बघतायत, हे एका दारानं सांगून टाकलं.

सगळंच छान आहे असं मात्र नाही. मध्येच दोन तज्ज्ञ येऊन चेटकिणींवर लेक्चर देतात, तिथे सिनेमा पार बसतो. खुनांचे प्रसंग लांबलचक आणि क्रूर आहेत. ज्यांना रक्त बघवत नाही त्यांनी, आणि अठराच्या आतल्यांनी, तूर्त नाद सोडावा. लुका ग्वादान्यीनोनं २०१८मध्ये हीच गोष्ट बर्लिनमध्ये नेऊन नव्यानं सांगितली. त्यात राजकारण आहे, इतिहास आहे, टिल्डा स्विंटनच्या एकाहून जास्त भूमिका आहेत. डोक्याला खाद्य भरपूर, पण पाठीतून शिरशिरी जाते ती जुन्यातच.

बघणार असाल तर फोनवर नको, मोठा स्क्रीन आणि हेडफोन हवेतच. इटालियन ऑडिओ लावायचा की इंग्रजी, यावर ग्रुपमध्ये वाद होईल. सेटवर कलाकार वेगवेगळ्या भाषा बोलत होते आणि आवाज नंतर डब झाले, त्यामुळे ‘ओरिजिनल’ असं काही नाहीच. मी इंग्रजी लावते, कारण त्यात सूझीचा आवाज जेसिका हार्परचा स्वतःचा आहे. आणि सुरुवातीला ती पळणारी मुलगी दारात काय ओरडते, ते आवाज वाढवून नीट ऐका. शेवटी सूझीला तेच आठवावं लागतं.