घराजवळचा विलो: कुऱ्हाडीआधी मातीची चौकशी

इंग्लंडमध्ये जुने घर विकत घेताना सर्व्हेअरच्या अहवालात बागेतील मोठ्या झाडाचा उल्लेख आला, की व्यवहाराची गती एकाएकी मंदावते. कर्ज देणारी संस्था प्रश्न विचारू लागते, विमा कंपनी झाडाची जात, उंची आणि घरापासूनचे अंतर मागते. घरातील मंडळींत मग दोन पक्ष पडतात. एकाच्या मते झाड तत्काळ तोडून मोकळे व्हावे. दुसऱ्याच्या मते इतकी वर्षे काही झाले नाही, तर आता काय होणार? दोन्ही पक्षांनी पाहिलेले असते ते केवळ झाड. निर्णय मात्र अवलंबून असतो तो त्याखालच्या मातीवर.

हॅरो, वेम्ब्ली, बार्नेट या भागांतील असंख्य घरे ज्या थरावर उभी आहेत, त्याला ‘लंडन क्ले’ म्हणतात. ही चिकणमाती पाणी शोषून फुगते आणि कोरडी पडली की आक्रसते. मराठवाडा-विदर्भातील काळ्या रानाला उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ही वागणूक वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. काळ्या मातीत घर बांधताना पाया मुरमापर्यंत नेण्याची जुनी रीत याच अनुभवातून आली. याउलट हाउन्स्लोचा बराचसा भाग थेम्सने पूर्वी कधी तरी आणून टाकलेल्या वाळू-खडीच्या थरावर वसला आहे. अशी जमीन पाण्याच्या कमी-अधिक प्रमाणाने फारशी हलत नाही. म्हणजे एकाच जातीचे, एकाच उंचीचे झाड एका उपनगरात चिंतेचे कारण ठरेल आणि काही मैलांवर निरुपद्रवी राहील. आपल्या घराखाली कोणता थर आहे, हे ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हेच्या नकाशांवर विनामूल्य पाहता येते. पहिली चौकशी तेथेच व्हावी.

फांद्या पाण्यावर झुकलेला वीपिंग विलो शोभेसाठी लावला जातो, पण त्याची तहान मोठी असते. नव्या घरांच्या बांधकामासाठी एनएचबीसी ही संस्था जी मानके देते, त्यांत विलो, पॉप्लर, एल्म आणि ओक यांची गणना अधिक पाणी ओढणाऱ्या झाडांत होते. अशा झाडाचा प्रभाव त्याच्या पूर्ण वाढीच्या उंचीच्या सव्वापट अंतरापर्यंत धरला जातो. वीपिंग विलोची उंची १६ मीटर धरली, तर हे अंतर २० मीटर होते. चेरीसारख्या मध्यम झाडांसाठी ते उंचीच्या पाऊणपट, तर मॅग्नोलिया किंवा बर्चसाठी निम्मे असते.

आकडे वाचतानाही सावधगिरी हवी. क्यू येथील राजोद्यानाच्या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात, झाडांमुळे इमारतींचे नुकसान झाल्याच्या प्रकरणांची मोठी पाहणी केली. तीत विलोमुळे नुकसान झाल्याची सर्वांत दूरची नोंद ४० मीटरची होती, आणि हाच आकडा आजही भीती घालण्यासाठी वापरला जातो. त्याच पाहणीत विलोच्या तीन-चतुर्थांश प्रकरणांत झाड इमारतीपासून ११ मीटरांच्या आत होते, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. शिवाय ही पाहणी नुकसान झालेल्या घरांची होती; ज्या घरांना विलोने काहीच केले नाही, त्यांचा हिशेब तीत येत नाही.

मुळे पाया फोडून घरात शिरतात, ही समजूत बहुतांशी चुकीची आहे. मुळे फरशी उचलतात, बागेची हलकी भिंत कलती करतात, गळक्या सांध्यातून सांडपाण्याच्या नळात शिरतात. पण मजबूत पाया सहसा फोडत नाहीत. खरे नुकसान होते ते पायाखालचे पाणी ओढले गेल्याने. चिकणमाती एका कोपऱ्यात आक्रसते, तेवढ्या भागाचा आधार जातो आणि भिंत तडकते. दोन महायुद्धांच्या दरम्यान बांधलेल्या किंवा त्याहून जुन्या घरांचे पाये पुष्कळदा अर्धा-पाऊण मीटरच खोल असतात. १९७६ च्या भीषण अवर्षणात अशा घरांना तडे गेल्यानंतरच चिकणमातीवरील पाये अधिक खोल घेण्याकडे गांभीर्याने पाहिले जाऊ लागले.

प्रत्येक तडा घातक नसतो. नव्या गिलाव्यातील केसासारख्या रेघा साध्या असतात. दारा-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका निघालेला, वर रुंद व खाली अरुंद, आतून-बाहेरून दोन्हीकडे दिसणारा आणि तीन मिलिमीटरहून मोठा तडा मात्र दुर्लक्षू नये. त्याहून बोलका असतो तो ऋतूंचा क्रम. उन्हाळ्याच्या अखेरीस तडा रुंदावून हिवाळ्यात पुन्हा मिटू लागला, तर झाड आणि चिकणमाती यांच्यावरील संशय बळावतो. म्हणून तड्याच्या दोन्ही बाजूंना खुणा करून दर महिन्याला मोजमाप आणि तारीख लिहून ठेवावी. पुढे स्ट्रक्चरल इंजिनिअर खड्डा खणून पायाची खोली, मातीतील ओलावा व सापडलेल्या मुळांची जात तपासतो. मूळ शेजारच्या झाडाचे निघाल्याची उदाहरणेही कमी नाहीत.

झाडच कारण ठरले, तरी ते लगेच तोडणे हा उपाय प्रत्येक वेळी योग्य नसतो. वर्षानुवर्षे कोरडी राहिलेली चिकणमाती झाड गेल्यावर हळूहळू पाणी घेऊ लागते आणि फुगते. घर मग खचण्याऐवजी वर उचलले जाते, आणि ही क्रिया काही वर्षे चालू शकते. झाड घराहून जुने असेल, तर हा धोका विशेष. कारण घराचा पाया मुळातच कोरड्या, आक्रसलेल्या मातीवर घातलेला असतो. घर आधीचे आणि झाड नंतरचे असेल, तर माती साधारणपणे पूर्वीच्या पातळीपर्यंतच परत येते आणि धोका बराच कमी होतो. झाड आणि घर यांतले वडील कोण, हा प्रश्न म्हणूनच इंजिनिअरला अवश्य विचारावा.

छाटणीचा मार्ग मधला वाटतो, पण वरवरची छाटणी पायासाठी जवळजवळ निरुपयोगी असते. केंटमधील ईस्ट मॉलिंग येथील संशोधनात असे दिसले, की फांद्या विरळ केल्याने झाडाचे पाणी ओढणे फारसे घटत नाही. परिणाम दिसण्यासाठी पर्णसंभार मोठ्या प्रमाणात कमी करावा लागतो आणि तेही पुनःपुन्हा. विलो असा छाटल्यावर जोमाने फुटतो, म्हणजे खर्च दर काही वर्षांनी ठरलेला.

कुऱ्हाड उचलण्यापूर्वी काउन्सिलकडे विचारणा अनिवार्य समजावी. पुण्या-मुंबईत महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते हे ज्यांना ठाऊक आहे, तेही इंग्लंडमध्ये स्वतःच्या बागेतील झाड स्वतःच्या मर्जीचे समजतात. झाडावर ट्री प्रिझर्व्हेशन ऑर्डर असेल, तर लेखी परवानगीविना तोडणे वा छाटणे हा गुन्हा आहे, आणि दंड ठरवताना झाड गेल्याने मालकाला झालेला आर्थिक लाभही न्यायालय विचारात घेते. घर कॉन्झर्व्हेशन एरियात असेल, तर जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ७५ मिलिमीटरहून जाड खोड असलेल्या झाडासाठी सहा आठवडे आधी सूचना द्यावी लागते. यांखेरीज १९८१ च्या वन्यजीव कायद्यानुसार पक्ष्यांची वापरातील घरटी हलवता येत नाहीत; म्हणून मार्च ते ऑगस्ट हा काळ टाळणे इष्ट.

झाड शेजाऱ्याचे किंवा रस्त्याकडेचे असेल, तर कागदपत्रांना महत्त्व येते. लंडनच्या मेडा व्हेल भागातील डेलावेअर मॅन्शन्स या इमारतीला पदपथावरील प्लेन वृक्षाच्या मुळांमुळे तडे गेले. इंजिनिअरांनी झाड काढावे, अन्यथा पाया खोल करावा लागेल असे कळवले. वेस्टमिन्स्टर काउन्सिलने झाड काढले नाही. पायाच्या कामावर पाच लाख सत्तर हजार पौंडांहून अधिक खर्च झाला, आणि २००१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तो काउन्सिलवर टाकला. या निकालातील मर्म असे, की झाडाच्या मालकाला आधी सूचना आणि उपाय करण्यास वाजवी संधी मिळाली पाहिजे. भिंतीपलीकडे तोंडी बोलणे झाले असेल, तरी मागून तारखेसह लेखी पत्र द्यावे. हद्दीवरून आलेल्या फांद्या सीमेपर्यंत कापण्याचा हक्क शेजाऱ्याला आहे; मात्र ऑर्डर असलेल्या झाडाला तो लागू होत नाही, आणि कापलेल्या फांद्या कायद्याने झाडाच्या मालकाच्याच राहतात.

घरविम्यात जमीन खचण्याची जोखीम १९७१ पासून समाविष्ट होऊ लागली. अशा दाव्यात पहिले हजार पौंड सहसा घरमालकालाच सोसावे लागतात. तडा दिसताच विमा कंपनीला कळवावे आणि तिच्या पाहणीपूर्वी झाडाला हात लावू नये, कारण झाड गेले की पुरावाही जातो. विमा घेताना झाडाविषयी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर पट्टीने मोजून द्यावे. अंदाजाने लिहिलेले अंतर दाव्याच्या वेळी अंगाशी येते.

तोडणेच ठरले, तर काम सार्वजनिक दायित्वाचा विमा असलेल्या ट्री सर्जनकडे द्यावे आणि खोडाच्या बुंध्याचे काय करणार हे अंदाजपत्रकातच लिहून घ्यावे. विलोचा बुंधा तसाच ठेवला तर पुन्हा फुटतो, आणि कापलेल्या फांद्या ओलसर मातीत पडून राहिल्या तर त्यांनाही मुळे येतात.