धानाच्या बांधीतील सारस ओळखा

गोंदिया व भंडारा जिल्ह्यांतील धान उत्पादक बंधूंना सारस नवा नाही. तरीही बांधीत उभा दिसणारा कोणताही उंच पक्षी सारस समजला जातो आणि खरा सारस पुष्कळदा बगळा म्हणून हुसकावला जातो. महाराष्ट्रात हा पक्षी मुख्यत्वे गोंदिया व लगतच्या भागातच उरला आहे, तोही अगदी मोजका. म्हणून ओळख पक्की हवी.

उडणाऱ्या पक्ष्यांत सारस जगात सर्वांत उंच. उभा राहिला की पाच फुटांहून अधिक भरतो. अंग राखाडी, पाय फिकट लाल, डोके व मानेचा वरचा भाग लालभडक आणि बिनपिसांचा, टाळू मात्र राखट. पिलाचे डोके तांबूस-तपकिरी असते, तेव्हा केवळ रंगावर विसंबू नये. उडताना बगळा मान मुडपून घेतो, सारस ती सरळ पुढे ताणतो. करकोचेही मान ताणूनच उडतात. पण करकोचा झाडावर बसतो, सारस कधीच नाही. शिवाय सारसाची जोडी माना उंचावून तुतारीसारखा आवाज देते. तो एकदा ऐकला की पुन्हा चूक होत नाही.

पावसाळ्यात ही जोडी साचलेल्या पाण्यात किंवा थेट बांधीत गवत व धानाची रोपे ओढून ढीग रचते. अंडी बहुधा दोन. नर-मादी ती आळीपाळीने सुमारे 31 दिवस उबवितात. काही रोपे जातात हे खरे, आणि त्याचा मोबदला शेतकऱ्याला मिळावा असे आमचे स्पष्ट मत आहे. परंतु नुकसान घरट्याभोवतीच्या थोड्या जागेपुरतेच असते. तेवढा कोपरा महिनाभर सोडावा. तेथे निंदण व फवारणी टाळावी, मजुरांना आधीच सांगून ठेवावे. पाणी एकदम चढू देऊ नये, अंडी बुडतात. जोडी वारंवार उठली तर कावळे व कुत्री अंडी पळवितात, म्हणून निरीक्षण दूरच्या धुऱ्यावरूनच करावे. अंडी उचलणे हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे.

घरटे दिसल्याची तारीख, अंड्यांची व पुढे पिलांची संख्या वहीत टिपून वनरक्षकास कळवावी. पिले सुमारे तीन महिन्यांनी उडू लागतात. तोवर शेतावरून गेलेल्या वीजतारांकडेही लक्ष असावे. तारांना धडकून सारस मरतात.