गुलाब उत्पादकांसाठी सेल्सिअस व फॅरनहाइटचा हिशेब

मावळ तालुक्यात तळेगाव दाभाडे परिसरात हरितगृहांतील गुलाबाची लागवड मोठी आहे. १४ फेब्रुवारीच्या बाजारपेठेसाठी येथील फुले परदेशी जातात. काढणीनंतर ही फुले २ ते ४ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागतात. परंतु काही शीतगृहांच्या यंत्रांवर व तापमापकांवर फॅरनहाइट अंश असतात. अशा यंत्रावर ४ हा आकडा लावल्यास तो उणे १५.६ अंश सेल्सिअस होतो. तापमान शून्याखाली जाऊन फुले गोठतात व माल वाया जातो. म्हणून यंत्रावरील 'से.' किंवा 'फॅ.' हे अक्षर प्रथम पाहावे.

पाणी ० अंश से. म्हणजेच ३२ अंश फॅ. ला गोठते व १०० अंश से. म्हणजेच २१२ अंश फॅ. ला उकळते. यावरून १ अंश से. चा फरक १.८ अंश फॅ. इतका होतो.

१) सेल्सिअसचे फॅरनहाइट : १.८ ने गुणून ३२ मिळवावेत. ४ अंश से. = ७.२ + ३२ = ३९.२ अंश फॅ.

२) फॅरनहाइटचे सेल्सिअस : ३२ वजा करून १.८ ने भागावे. ५९ अंश फॅ. = २७ ÷ १.८ = १५ अंश से.

३) तोंडी अंदाज : सेल्सिअसची दुप्पट करून ३० मिळवावेत. लोणावळ्यात पहाटे १२ अंश से. असल्यास अंदाज ५४, प्रत्यक्षात ५३.६. तापमान जास्त असल्यास चूक वाढते. २८ अंशांस अंदाज ८६ येतो, प्रत्यक्षात ८२.४. शीतगृहासाठी अंदाज वापरू नये.

तापमानातील घट किंवा वाढ मोजताना ३२ मिळवू नयेत. फॉगर्समुळे तापमान ५ अंश से. ने उतरले, तर ती घट ९ अंश फॅ. समजावी.

शीतगृहाच्या दारावर '२ ते ४ से. = ३५.६ ते ३९.२ फॅ.' अशी पाटी लावावी.