बारावीनंतर अर्थशास्त्र : लहान कॉलेजात नेमकं काय शिकतात?



बारावीचा निकाल लागला की आमच्या एमआयडीसी भागात एक प्रश्न हमखास येतो. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या वडिलांनी तोच विचारला. ते कंपनीत शिफ्ट करतात, इंदापूरकडे थोडा ऊस आहे. "बाई, पोरगी बी.ए.ला अर्थशास्त्र घेते म्हणते. कुठंच नंबर लागला नाही की घेतात तेच ना हे?"

मी म्हटलं, उसाच्या बिलाचंच बघा. 2024-25 च्या हंगामात केंद्र सरकारने 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 340 रुपये एफआरपी ठरवली, म्हणजे टनाला 3,400. मग हातात वेगळी रक्कम का येते? कारण उताऱ्याप्रमाणे दर बदलतो आणि तोडणी-वाहतुकीचा खर्च त्यातून वजा होतो. हा दर कोण ठरवतं, का ठरवतं, कांद्याला असा दर का नाही, हे सगळं अर्थशास्त्रच आहे.

पदवीला दोन मुख्य भाग असतात. सूक्ष्म अर्थशास्त्रात एक कुटुंब, एक शेतकरी, एक कंपनी निर्णय कसे घेते ते शिकतात. स्थूल अर्थशास्त्रात महागाई, रोजगार, राष्ट्रीय उत्पन्न असे देशाचे प्रश्न येतात. जोडीला बँकिंग, सरकारी जमाखर्च, शेतीचं अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्र.

यातली एक कल्पना पालकांनाही उपयोगी आहे, ती म्हणजे संधी-खर्च. एका एकरात ऊस लावला की तिथं दुसरं पीक घेता येत नाही. त्या सोडलेल्या चांगल्या पिकाचं उत्पन्न हाही उसाचा खर्चच. शिक्षणाचंही तसंच. गावाजवळच्या कॉलेजात फी कमी, राहणं-जेवण घरचं. पण तीन वर्षं कंपनीत मिळाला असता तो पगारही आपण सोडतो. म्हणून ही वर्षं नुसती हजेरी लावून घालवायला फार महाग आहेत.

लहान कॉलेजची एक उणीव स्पष्ट सांगते. बी.ए.ला बऱ्याच ठिकाणी गणित कमी असतं आणि नोट्स पाठ करून पास होता येतं. पुढे पुण्याच्या गोखले संस्थेसारख्या ठिकाणी एम.ए. करायचं तर गणित, संख्याशास्त्र आणि इंग्रजी लागतंच. भारतीय आर्थिक सेवेच्या परीक्षेला तर अर्थशास्त्रातली पदव्युत्तर पदवीच हवी. त्यामुळे पहिल्या वर्षापासून गणित सोडू नये, संगणकावर आकडेवारी मांडायला शिकावं.

आणि जमेची बाजू? कारखाना, दूध संकलन, बाजार समिती, एमआयडीसी, सगळं सायकलच्या अंतरावर. गोखले संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ लोणीच्या प्रवरा सहकारी साखर कारखान्याचे अध्यक्षही होते. अर्थशास्त्र पुस्तकातून शेतापर्यंत कसं येतं, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण नाही.

त्या वडिलांना मी एवढंच सांगितलं, "प्रवेश घ्या, पण दरवर्षी उसाचं बिल तिच्यापुढे ठेवा. तिला ते अधिकाधिक चांगलं समजावता आलं, तर शिक्षण चाललंय असं समजा."

शिक्षक मित्रांनो, आपणही गुणाकार-भागाकाराच्या उदाहरणांत दुधाचं बिल, उसाचं वजन आणूया. अर्थशास्त्राची सुरुवात तिथूनच होते.